ऐकू न येणाऱ्या वाक्यांचा धीर : सबलिमिनल ध्वनिमुद्रणांची पार्श्वभूमी

डेटिंगसाठी लागणारा आत्मविश्वास वाढवून देऊ, असे आश्वासन देणाऱ्या सबलिमिनल ध्वनिमुद्रणांची घडण बहुधा सारखीच असते. वर पावसाचा, लाटांचा किंवा संथ संगीताचा आवाज असतो आणि त्याखाली ‘मी आकर्षक आहे’, ‘अनोळखी व्यक्तीशी बोलताना मी निर्धास्त असतो’ अशी वाक्ये इतक्या क्षीण आवाजात, इतक्या वेगाने किंवा एकावर एक इतक्या थरांत मिसळलेली असतात की ती कानाला वेगळी ओळखू येत नाहीत. जाणत्या मनाच्या शंकाकुशंका टाळून ही वाक्ये थेट अंतर्मनात उतरतात आणि झोपेत ऐकली तरी काम करतात, असा त्यामागचा दावा आहे. हा दावा इंटरनेटच्या काळात जन्मलेला नाही. त्याचे तुकडे वेगवेगळ्या दशकांत, एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या माणसांकडून जमा होत गेले.

पहिला तुकडा फ्रान्समधील नान्सी येथे काम करणाऱ्या एमिल कुए (१८५७–१९२६) या औषधविक्रेत्याचा. आपण दररोज, सर्व बाजूंनी, अधिकाधिक चांगले होत आहोत, अशा आशयाचे एकच वाक्य सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी वीसवीस वेळा म्हणावे, असा त्याचा स्वयंसूचनेचा पाठ होता. मोजणीत मन गुंतू नये म्हणून तो वीस गाठी मारलेली दोरी वापरायला सांगत असे. जपमाळेशी असलेले तिचे नाते उघडच आहे. मात्र हे वाक्य ज्याचे त्याने स्वतः, स्वतःच्या कानाला ऐकू येईल अशा आवाजात पुटपुटायचे होते. पुढच्या मंडळींनी नेमकी हीच अट वगळली.

ती वगळण्याचे काम आधी यंत्राने केले. न्यूयॉर्कमध्ये अलोइस बेंजामिन सॅलिगर याने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘सायको-फोन’ नावाचे यंत्र विकायला काढले. घड्याळ जोडलेला हा फोनोग्राफ रात्री ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होई आणि झोपलेल्या माणसाच्या कानाशी मंद आवाजात सूचना बोले. १९३२ मध्ये त्याचे पेटंटही मिळाले. त्याच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये समृद्धीसाठी एक होती, वजनासाठी एक होती आणि जोडीदार मिळवण्यासाठीही एक स्वतंत्र तबकडी होती. तिच्यात ऐकणाऱ्याच्या वतीने बोलणारा आवाज आपले व्यक्तिमत्त्व मोहक असल्याचे, आपला सहवास आनंददायी असल्याचे आणि आपल्यापासून प्रेम पसरत असल्याचे सांगत असे. आजच्या एखाद्या ध्वनिमुद्रणाची संहिता शेजारी ठेवली, तर दोन्हींत शब्दांपलीकडे फारसा फरक सापडणार नाही. झोपेतल्या शिक्षणाची ही कल्पना दीर्घकाळ टिकली. १९५० च्या दशकाच्या मध्यास चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स या संशोधकांनी मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवत प्रयोग केले, तेव्हा माणूस खरोखर झोपी गेल्यावर ऐकवलेली माहिती त्याच्या स्मरणात राहत नाही, असे दिसले. ज्यांना काही आठवत होते, ते त्या क्षणी पुरते झोपलेलेच नव्हते.

‘सबलिमिनल’ या शब्दाच्या मुळाशी उंबरठा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. जाणिवेच्या उंबरठ्याखाली राहते ते सबलिमिनल. मानसशास्त्रात हा विचार एकोणिसाव्या शतकापासून होता, पण तो घरोघरी पोहोचला १९५७ मध्ये, जेम्स व्हिकरी या अमेरिकी बाजार-संशोधकाच्या पत्रकार परिषदेमुळे. न्यू जर्सीतील एका चित्रपटगृहात सहा आठवडे, दर पाच सेकंदांनी, सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरते पडद्यावर पॉपकॉर्न खाण्याचे आणि कोकाकोला पिण्याचे संदेश झळकवले आणि विक्री वाढली, असे त्याने सांगितले. प्रेक्षकांची संख्या त्याने ४५,६९९ इतकी काटेकोर दिली होती, आणि बहुधा या काटेकोरपणानेच लोकांना गप्प केले. मूळ आकडेवारी मात्र त्याने कधीच तपासायला दिली नाही. १९६२ मध्ये, एका मुलाखतीत, आपल्याजवळची माहिती निष्कर्ष काढण्याइतकी नव्हती, हे त्याने स्वतःच कबूल केले. तोवर अमेरिकेतील प्रसारकांच्या संघटनेने अशा संदेशांना मनाई केली होती, आणि मनाईमुळे उलट ही गोष्ट खरीच असली पाहिजे, असा समज पक्का झाला.

बाजारपेठ तयार झाली ती कॅसेटमुळे. १९७९ मध्ये वॉकमन आला, ऐकणे खासगी झाले आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत सबलिमिनल कॅसेटचा व्यवसाय फोफावला. धूम्रपान सोडण्यापासून स्मरणशक्तीपर्यंत सगळ्यांसाठी कॅसेट होती. लाजाळूपणा आणि प्रेमसंबंधांतला आत्मविश्वास हे विषय त्यात साहजिकच खपाऊ ठरले, कारण ज्या गोष्टीबद्दल दुसऱ्याकडे मदत मागायचाच संकोच वाटतो, तिच्यावरचा उपाय बंद खोलीत, हेडफोन लावून, कुणाला न कळता करता येत होता. संदेश ऐकू येत नसल्यामुळे कॅसेटमध्ये नक्की काय भरले आहे, हे ग्राहकाला पडताळता येत नसे, ही सोय विक्रेत्याच्या बाजूची होती.

पडताळणी केली ती अँथनी ग्रीनवाल्ड, अँथनी प्रॅटकॅनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बोलका भाग आहे. त्यांनी बाजारात मिळणाऱ्याच दोन प्रकारच्या कॅसेट घेतल्या : एक स्मरणशक्तीसाठी, दुसरी आत्मसन्मानासाठी. मग काही कॅसेटवरची नावाची पट्टी मुद्दाम अदलाबदल केली, म्हणजे काहीजण आत्मसन्मानाची कॅसेट समजून प्रत्यक्षात स्मरणशक्तीची ऐकत होते, तर काहीजण नेमके उलट. एकूण २३७ जणांनी सुमारे महिनाभर ती रोज ऐकली आणि प्रयोगाच्या आधी व नंतर त्यांच्या चाचण्या झाल्या. आतील संदेशाचा कोणताही वेगळा परिणाम आढळला नाही. सहभागींपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना मात्र आपल्यात सुधारणा झाल्यासारखे वाटले, आणि ती वाटली कॅसेटच्या पट्टीवर जे लिहिले होते त्या बाबतीत. काम करत होती ती पट्टी, फीत नव्हे. त्याआधी १९८८ मध्ये फिलिप मेरिकल यांनी अशा कॅसेटची तपासणी केली होती, तेव्हा संदेश असलेली आणि संदेश नसलेली फीत यांतला फरक ऐकणाऱ्यांना अंदाजानेही सांगता आला नव्हता.

यावरून जाणिवेखाली काहीच घडत नाही, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. अर्धवट दिसलेल्या शब्दाचा पुढच्या निर्णयावर सूक्ष्म प्रभाव पडू शकतो, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसले आहे. परंतु तो प्रभाव क्षणजीवी असतो. जेवणाच्या टेबलावर समोरच्या व्यक्तीशी तासभर मोकळेपणाने बोलण्याइतके बळ त्यातून येते, असे मानायला आधार नाही.

व्यवसायावर या निष्कर्षांचा फारसा परिणाम झाला नाही. १९९२ मध्ये ऑलिव्हर लोअरी यांना ‘मूक सबलिमिनल’ पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले, ज्यात वाक्ये कानाला जवळजवळ न जाणवणाऱ्या वारंवारतेवर चढवली जातात. पेटंट मिळते ते कल्पना नवी असल्याबद्दल. तिने आत्मविश्वास वाढतो की नाही, हे पेटंट कार्यालय तपासत नाही. नंतर व्हिडिओ संकेतस्थळे आली, कुणालाही घरच्या संगणकावर असे ध्वनिमुद्रण तयार करता येऊ लागले, आणि कॅसेटच्या पट्टीची जागा व्हिडिओच्या शीर्षकाने घेतली.

वाक्ये स्पष्ट ऐकू आली असती, तर त्यांचा उपयोग झाला असता का, हा प्रश्न निराळा आहे. कॅनडातील जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो तपासला. आपण प्रेम करण्याजोगे आहोत, हे वाक्य मनाशी घोळवायला सांगितल्यावर ज्यांचा आत्मसन्मान मुळात चांगला होता, त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा कमी होता, त्यांना उलट आणखी वाईट वाटले. म्हणजे ज्यांना गरज होती, त्यांच्याच मनाने त्या वाक्यावर विश्वास ठेवला नाही.

या इतिहासाला समांतर असा दुसरा इतिहास त्याच न्यूयॉर्कमध्ये, सॅलिगरचे यंत्र विकले जात असतानाच सुरू झाला होता. पुढे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले अल्बर्ट एलिस १९३३ मध्ये १९ वर्षांचे होते आणि स्त्रियांशी बोलायला घाबरत. त्यांनी स्वतः सांगितल्यानुसार, ब्रॉंक्समधील वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचेच, असा नियम त्यांनी घालून घेतला. १३० जणींपैकी ३० जणी उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी ते बोलले. एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. १९७० च्या दशकात हॅल आर्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी हाच मार्ग संशोधनाच्या शिस्तीत आणला : डेटिंगला घाबरणाऱ्या महाविद्यालयीन तरुण-तरुणींच्या आधीच ठरवून दिलेल्या सरावाच्या भेटी घडवून आणल्या, आणि त्या भेटींनंतर त्यांच्यातील चिंता कमी झाल्याचे त्यांना आढळले. त्या भेटींत प्रत्येक वाक्य समोरच्याला ऐकू जाईल असेच बोलावे लागत होते.