उगवलं नाही तर दोष रानाचा का बियाण्याचा?

सोयाबीन उगवलं नाही की आमच्याकडं माणूस पहिले बियाण्याची पिशवी बघतो, बोगस निघालं म्हणतो, पंचनाम्याला बोलवतो. 2020 च्या खरिपात तर हे प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलतं. पण लग्नाला चार वर्षं होऊन लेकरू नसलं की तोच माणूस डायरेक्ट रानाला दोष देतो, म्हणजे बायकोला.

हा हिशोब लई जुना. मनुस्मृतीत बाई म्हणजे क्षेत्र, म्हणजे रान, अन् पुरुष म्हणजे बीज, तिकडं ग्रीसमधे ॲरिस्टॉटल पण तेच, घडवणारा पुरुष आणि बाईचा नुसता कच्चा माल. बरं बीज एवढं मोठं तर न उगवल्याचा दोष पण त्याचाच पाहिजे ना, पण नाही, पीक आलं तर बियाण्याचं नाव, नाही आलं तर रान खराब.

1672 मधे द ग्राफ नावाच्या डच डॉक्टरनं अंडाशयातल्या पुटिकांचं, म्हणजे ज्यात बीज वाढतं त्या बारक्या पिशव्यांचं, नीट वर्णन केलं, पण तो त्या पुटिकेलाच अंडं समजला. पाच वर्षांनी, 1677 ला, लेवेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानं स्वतः घासलेल्या भिंगातून वळवळणारे शुक्राणू बघितले अन् सगळे तिकडंच पळाले. हार्टसोकरनं तर 1694 ला शुक्राणूच्या डोक्यात पाय पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूसच काढून दाखवला! स्त्रीबीज शुक्राणूपेक्षा कितीतरी मोठं, तरी ते सापडायला 1827 उजाडलं, फॉन बेअरला, ते पण कुत्रीच्या अंडाशयात. मग 1876 ला हर्टविगनं समुद्री साळू या काटेरी प्राण्याच्या अंड्यात शुक्राणूचं अन् बीजाचं केंद्रक एक होताना बघितलं. म्हणजे बाई नुसतं रान नाही, तिच्याकडं पण बीजच आहे, आपल्या भाषेत शब्दच आहे की तसा.

फरक आहे तो साठ्याचा. मुलगी जन्मते तेव्हाच कणगी भरलेली असते, 10 ते 20 लाख अपक्व बीजं, वयात येईपर्यंत 3-4 लाख उरतात, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात फक्त 400-500. पुरुषाचा पेरा मात्र रोज चालू, एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने, मुगाच्या पिकाएवढे दिवस धरा. अन् ते तयार होतात त्या अंडकोषात अंगापेक्षा 2-3 डिग्री गार लागतं, म्हणून आज आलेल्या जोरदार तापाचा फटका दोन-तीन महिने वीर्याच्या रिपोर्टमधे दिसू शकतो.

मुलगा का मुलगी हे बापाकडून ठरतं हेपण 1905 मधेच कळलं, नेटी स्टीव्हन्स या बाईनं पिठातल्या किड्यांवर काम करून दाखवलं. तरी 2011 च्या जनगणनेत आमच्या बीडला सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या.

लेकरू न होण्यात साधारण निम्म्या केसमधे पुरुषाकडचं कारण असतं, एकटं नाहीतर जोडीनं. तपासणी म्हणजे काय, 2 ते 7 दिवस वीर्य जाऊ द्यायचं नाही अन् मग लॅबमधे वीर्याची एक डबी द्यायची. बाईच्या चार सोनोग्राफ्या, दोन नवस आणि सासूचे टोमणे झाल्यावर कुठं ती डबी निघते.