अ‍ॅलर्जीची गोळी आणि आकसणाऱ्या रक्तवाहिन्या : पार्श्वभूमी

‘अ‍ॅलर्जीची गोळी’ या नावातच निम्मा गोंधळ आहे. शिंका आणि खाज थांबवते ते अँटिहिस्टामाइन. चोंदलेले नाक मोकळे करणारे औषध बहुधा त्याच गोळीत असले, तरी ते वेगळे असते आणि नाकातील फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवून आपले काम करते. पोटात घेतलेले हे औषध नाकापुरते थांबत नाही. रक्तदाब वाढला, थंडीत बोटे पांढरी पडण्याचा जुना त्रास बळावला किंवा अचानक असह्य डोकेदुखी उद्भवली, तर संशयाची सुई आधी या जोडीदाराकडे वळते. अँटिहिस्टामाइनही अगदी निर्दोष ठरलेली नाहीत. टर्फेनाडिन १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले, पण तेथे प्रश्न हृदयाच्या ठोक्यांच्या लयीचा होता, आकसलेल्या रक्तवाहिन्यांचा नव्हे. या दोन गोष्टी आजही सर्रास एकत्र सांगितल्या जातात.

या जोडीदारांचे मूळ एफेड्रिनमध्ये आहे. चिनी वैद्यकातील एका जुन्या वनस्पतीतून ते १८८५ मध्ये वेगळे केले गेले. खरा वाद मात्र त्याच्या कुळातील फेनिलप्रोपॅनोलअमाइनवरून पेटला. सर्दीच्या गोळ्यांत आणि भूक मारणाऱ्या गोळ्यांत, दोन्हीकडे ते होते. तरुण स्त्रियांना मेंदूत रक्तस्राव झाल्याच्या घटना नोंदल्या जाऊ लागल्यानंतर अमेरिकेत १९९४ ते १९९९ या काळात ४३ रुग्णालयांत एक अभ्यास झाला. त्यात १८ ते ४९ वयाचे ७०२ रुग्ण होते आणि तुलनेसाठी १,३७६ इतर व्यक्ती होत्या. भूक मारण्यासाठी हे औषध घेणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे सोळापट दिसला. पण हा आकडा रुग्णांपैकी ६ आणि तुलनेतील १ अशा मोजक्या स्त्रियांवर उभा होता. सर्दीसाठी ते प्रथमच घेणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे तिप्पट दिसला, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरता न उतरलेला, आणि पुरुषांत तर वाढ आढळलीच नाही. अभ्यासाचा खर्च उचलणाऱ्या उत्पादकांनीच पुढे त्याच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले, हे येथे नोंदवायला हवे. आक्षेपांत तथ्य नव्हते असे नाही. परंतु वाहते नाक आणि मेंदूतील रक्तस्राव यांना एकाच तराजूत घालता येत नाही. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकी नियामकांनी विक्री थांबवण्यास सांगितले. भारतात मनाईचा आदेश निघायला फेब्रुवारी २०११ उजाडले, आणि ही दिरंगाई समर्थनीय वाटत नाही.

रिकामी झालेली जागा आधी स्यूडोएफेड्रिनने व्यापली. त्यापासून मादक द्रव्य बनवले जात असल्याने अमेरिकेत २००६ पासून ते काउंटरच्या मागे गेले, आणि बहुतेक गोळ्यांत फिनाइलेफ्रिन आले. तेथील तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितले की, तोंडावाटे नेहमीच्या मात्रेत घेतलेले फिनाइलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक असल्याचा पुरावा नाही. इकडे युरोपातील नियामकांनी मेंदूतील रक्तवाहिन्या आकसण्याच्या दुर्मीळ घटना तपासल्या आणि २०२४ च्या आरंभी तीव्र किंवा अनियंत्रित रक्तदाब अथवा गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांसाठी स्यूडोएफेड्रिन वर्ज्य ठरवले. आपल्याकडे क्लोरफेनिरामाइन, पॅरासिटामॉल आणि फिनाइलेफ्रिन यांची एकत्रित गोळी ‘सर्दीची गोळी द्या’ एवढे म्हटले तरी मिळते, आणि घटकांची नावे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतात.