दोनशे मिलिसेकंदांची फट

“ती माणसं फार भरभर बोलतात हो!” नवी भाषा शिकणाऱ्या बहुतेकांची ही तक्रार असते. २०१९ साली १७ भाषांची मोजणी प्रसिद्ध झाली. काही भाषांत सेकंदाला जास्त अक्षरं उच्चारली जातात, पण तिथे एकेका अक्षरात माहिती कमी मावते. सगळ्यांचा हिशेब शेवटी सेकंदाला सुमारे ३९ बिटांपाशीच येतो (बिट हे माहिती मोजायचं एकक). मग आपली दमछाक कशाने होते?

माझ्या मते उत्तर दडलंय ते दोघांच्या बोलण्यामधल्या फटीत. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये १० भाषांतले हो-नाही प्रश्न तपासले. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी वेळ निघाला सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आता दुसरा आकडा बघा. मांजराचं चित्र पाहून ‘मांजर’ हा एकच शब्द तोंडातून निघायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. आधी कल्पना, मग शब्द, मग त्याचे ध्वनी, मग जीभ-ओठांना हुकूम, इतके टप्पे त्यात असतात.

६०० चं काम २०० मध्ये उरकतं, कारण ते आधीच सुरू झालेलं असतं. समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला लागतो, आणि त्याचं वाक्य कुठे संपणार हेही ताडतो. “मला उद्या डॉक्टरांकडे…” एवढं कानावर पडलं की मराठी माणसाच्या डोक्यात “जायचंय” हजर असतं. क्रियापद यायच्या आत त्याचं “कशाला, काय झालं?” तयार! मराठी शिकणाऱ्याला मात्र ही सोय नाही. ध्वनिलहरीत शब्दांमध्ये मोकळ्या जागा नसतात. ‘डॉक्टरांकडे’ कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे सोडवण्यातच त्याची सगळी स्मरणशक्ती गुंतलेली असते. अंदाज बांधायला काही उरतच नाही, त्यामुळे उत्तराची तयारी वाक्य संपल्यावर सुरू होते. तोवर फट उलटून गेलेली असते. उशिरा आलेलं उत्तर ऐकणाऱ्याला नकारासारखं वाटतं, शांतता बोचू लागते, आणि माणूस घाईघाईने मान डोलावतो. “किती दिवस राहणार?” याला “हो” असं उत्तर येतं ते असं.

   

मान डोलावण्यापेक्षा अडलेलं विचारावं. २०१५ मध्ये १२ भाषांतल्या रोजच्या गप्पा अभ्यासल्या, तेव्हा आपल्याच भाषेत बोलणारी माणसंही सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एकदा तरी “काय म्हणालात?” या जातीचं काहीतरी विचारताना आढळली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. विचारायचे प्रकार मात्र तीन: नुसतं “काय?”, नेमकं “कुणाला द्यायचं म्हणालात?”, आणि “म्हणजे परवा ना?” असा आपला अंदाज पुढे करून खात्री करून घेणं. शक्य तिथे लोक यातला जास्तीत जास्त नेमका प्रकार निवडतात, असंही त्यात दिसलं.

शिकणाऱ्याने तर हे पहिल्या आठवड्यात पाठ करावं. “काय?” म्हटलं की बरेचदा अख्खं वाक्य पुन्हा अंगावर येतं आणि ओझं होतं तेवढंच राहतं. “कुणाला?” म्हटलं की एखादं नावच परत येतं. शिवाय बाकीचं समजलं, हेही समोरच्याला कळतं. आणि खरा फायदा पुढेच आहे. आता कुणाचं तरी नाव येणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. अंदाज बांधणारी जी यंत्रणा परक्या भाषेत बंद पडली होती, ती त्या एका शब्दापुरती चालू होते, आणि तो शब्द कानावर पडायच्या आत तुमचं उत्तर जुळू लागतं.