उन्हात दोरीचा भुगा का होतो?

दोन वर्षांपूर्वी गच्चीसाठी मी निळ्या-पांढऱ्या दोरीची गोल सतरंजी विणली होती, जाड क्रोशाच्या सुईने, तीन आठवडे खपून. दुकानदार म्हणाला होता, ताई नायलॉन आहे, दहा वर्षं काही होत नाही. दोन उन्हाळे गेले आणि परवा झटकायला उचलली तर कडेचे टाके हातातच तुटले, बोटांना पांढरी पावडर लागली. खालची बाजू, जी फरशीला टेकलेली होती, ती मात्र जवळपास नव्यासारखी!

पहिली गोष्ट म्हणजे ते नायलॉन नव्हतंच. बाजारात नायलॉन म्हणून मिळणारी बरीचशी स्वस्त दोरी पॉलिप्रॉपिलीन या वेगळ्याच प्लॅस्टिकची असते. ओळखायचं कसं? बोटभर तुकडा कापून टोकं पिंजा, पाण्यात बुडवून आतली हवा दाबून काढा आणि सोडा. पाण्याची घनता 1, पॉलिप्रॉपिलीनची 0.9 च्या आसपास, म्हणजे तरंगणार. नायलॉनची साधारण 1.14, पॉलिएस्टरची 1.38, ही दोन्ही बुडणार. जाळून बघू नका, धूर वाईट असतो.

आता भुगा का झाला ते बघू, मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी आणि तिच्यात एकाआड एक कार्बनला एक छोटी फांदी फुटलेली. ज्या कार्बनला फांदी आहे त्याचा हायड्रोजन जरा सैल धरलेला असतो. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन अतिनील किरण फारसे शोषत नाही, पण बनवताना राहिलेली अशुद्धी शोषते आणि तो सैल हायड्रोजन निघून जातो. उरतो एक फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला रेणू. त्याला हवेतला ऑक्सिजन लगेच चिकटतो, मग हा नवा रॅडिकल शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो आणि स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत बसतो, पण शेजारी आता रॅडिकल झाला. आणि ते हायड्रोपेरॉक्साइडही उन्हात फुटतं आणि त्यातून आणखी दोन रॅडिकल निघतात. एकाचे दोन, दोनाचे चार असं चालू राहतं, मधेच साखळ्या तुटत जातात, आणि साखळी आखूड झाली की लवचिकपणा गेला, धागा कुडकुडीत. प्लॅस्टिकच्या जाड खुर्चीचा वरचा पातळ थरच असा जातो, दोरीतला तंतू मात्र इतका बारीक की जणू सगळा पृष्ठभागच.

यावर उपाय आहेत. काळ्या दोरीत कार्बन ब्लॅक म्हणजे काजळीसारखी पूड असेल तर ती किरण स्वतःच गिळते. दुसरा उपाय हिंडर्ड अमाइन नावाची रसायनं, ती रॅडिकल पकडतात आणि काम झालं की पुन्हा मूळ रूपात येऊन पुढचा पकडायला तयार, त्यामुळे चिमूटभर घातली तरी बरीच वर्षं पुरतात. दाराबाहेर कुठल्या दिशेला कुठल्या रंगाचं पायपुसणं टाकायचं हे सांगणारे लोक असतात, तर रंगाला महत्त्व आहे, पण ते दिशेमुळे नाही, या काजळीमुळे आहे. फक्त मे महिन्यात काळ्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

मग नैसर्गिकच घ्यावं का? नैसर्गिक म्हणजे टिकाऊ असं अजिबात नाही. ताग साध्या हवेतही वजनाच्या 13-14 टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतो, कापूस 8 टक्क्यांच्या आसपास, आणि ओलं सेल्युलोज, म्हणजे ताग-कापूस मुख्यतः ज्याचे बनलेले असतात ते द्रव्य, ही बुरशीची मेजवानी. जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्यांची सतरंजी ओसरीवर छान, पावसात चार दिवसात वास मारते. काथ्याचं वेगळं आहे, त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, भरपूर, जे बुरशीला सहज पचत नाही. कोकणात नारळाची सोडणं कित्येक महिने पाण्यात कुजत घालतात, धाग्यांना धरून ठेवणारा चिकट भाग कुजतो, मग कुटून भुसा वेगळा केला की काथ्या शिल्लक राहतो, म्हणजे तो आधीच एक परीक्षा पास होऊन आलेला असतो. टोचतो मात्र, बसायला नाही, पाय पुसायला घ्या.

माझी पुढची गच्चीवरची सतरंजी काळ्या दोरीची असणार, पण विणायला बसण्याआधी दोरीचा एक हात लांब तुकडा कठड्याला बांधून ठेवणार, दुसरा कपाटात. उन्हाळा संपला की दोन्ही बोटाला गुंडाळून वाकवायचे आणि नखाने खरवडून बघायचं पावडर निघते का.