विमानतळाचा प्रवेश पास : अर्ज नेमका कुठे अडतो

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली, तेव्हापासून कळवा, दिवा, कामोठे येथील मुले विमानतळावर नोकरीसाठी लागणाऱ्या प्रवेश पासाचे कागद तपासून घेण्यासाठी माझ्याकडे येत असतात. हा पास नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोच्या नियमांनुसार मिळतो आणि त्यासाठीचा अर्ज उमेदवाराने स्वतः नव्हे, तर त्याला नेमणाऱ्या कंपनीने करायचा असतो. त्यामुळे "पास काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. आधार, छायाचित्रे, नियुक्तीपत्र आणि सुरक्षा प्रशिक्षण यांत सहसा कोणी अडत नाही.

अडते ते पोलीस पडताळणीत. आधारवर पत्ता कळव्याचा, म्हणजे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतला, आणि प्रत्यक्ष मुक्काम उलव्यात, म्हणजे नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत. पडताळणीला आलेल्या पोलिसाला त्या पत्त्यावर अर्जदार सापडला नाही की प्रकरण लोंबकळते. मग भाडेकरार मागितला जातो, आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून बाहेर निघतो तो मुद्रांकावर नुसता नोटरी केलेला कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार नोंदणीकृतच हवा. तो नोंदवून देण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, पण खेटे मात्र भाडेकरूच घालतो, हे कोणत्याही खिडकीवर कुणी सांगत नाही. नोकरीची बोलणी सुरू होताच करार नोंदवून घ्यावा आणि अर्जात तोच पत्ता लिहावा. एखादा जुना गुन्हा दाखल असेल तर तो लपवू नये. पडताळणीत तो निघतोच.

एक गैरसमज असा की पास मिळाला म्हणजे तपासणी सुटली. तसे नाही. आपल्याकडे गणवेशातला वैमानिकसुद्धा बॅग क्ष-किरण यंत्रावर ठेवतो आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानासमोर अंगझडतीला उभा राहतो. ज्याच्या हाती अख्खे विमान आहे त्याच्याकडे चाकू शोधून काय साधते, हा प्रश्न वैमानिकही विचारतात आणि तो अगदीच फोल नाही. अमेरिकेत ओळख पटलेल्या वैमानिकांना नेहमीच्या तपासणीतून सवलत देणारी योजना आहे आणि त्यांची तपासणी अधूनमधून, अचानक होते. पण झडती वैमानिकाच्या हेतूची नसते. गणवेश आणि ओळखपत्र दुसऱ्याच्या हाती पडू शकते, म्हणून ती असते. ७ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिकेतच नोकरीवरून काढलेल्या एका कर्मचाऱ्याने, परत न घेतलेल्या ओळखपत्राच्या जोरावर तपासणी टाळून रिव्हॉल्व्हर विमानात नेले. त्या विमानातील सर्व ४३ जण ठार झाले.

नोकरी सोडताना पास परत करण्याचा आग्रह याच कारणाने धरला जातो. पासावर छापलेली तारीख पुढची असली तरी नोकरी संपताच तो निरुपयोगी ठरतो, आणि त्या तारखेच्या भरवशावर तो खिशात ठेवणारे नंतर अडचणीत येतात. पास कंपनीकडे द्यावा, सही-शिक्क्याची पोच घ्यावी आणि ती नव्या कंपनीच्या कागदांसोबत त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.