गॅस गिझर : बिघाड व घरगुती तपासणी

गॅस गिझर : नळ सोडताच आपोआप पेटणारे आणि पाणी न साठवता वाहत्या पाण्यालाच तापवणारे घरगुती उपकरण. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉगन याने १८६८ मध्ये असे पहिले यंत्र आणले. ‘गिझर’ हे नावही त्यानेच दिलेले. मात्र त्यात जळलेला वायू बाहेर टाकण्याची सोय नव्हती. महाराष्ट्रात तांब्याचा बंब मागे पडल्यावर विजेच्या गिझरच्या जोडीने हे उपकरण घरोघरी आले. घरातल्या विजेशिवाय ते चालते आणि भारनियमनाच्या दिवसांत हा गुण मोलाचा ठरला.

बिघाड समजून घ्यायचा तर आतला क्रम ठाऊक हवा. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने रबरी पडदा (मेकॅनिकांच्या भाषेत डायफ्रॅम) फुगतो आणि एक पिन पुढे ढकलतो. पिन मायक्रोस्विच दाबते. दीड व्होल्टच्या दोन जाड सेलवर चालणारे सर्किट जागे होते, ‘टक् टक्’ करत ठिणगी पडते, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी गॅसची झडप) गॅस सोडतो आणि बर्नर पेटतो. ज्योतीत बुडालेली एक दांडी ज्योत खरोखर लागली आहे का, हे पाहते. ज्योत नसेल तर काही सेकंदांत गॅस बंद होतो. यातली एक कडी तुटली तरी गिझर पेटत नाही किंवा विझतो. म्हणजे बंद पडणारा गिझर त्रास देतो, पण बहुधा तो घातक नसतो. घातक बिघाड सहसा चालू गिझरमध्येच असतात.

नळ सोडूनही ‘टक् टक्’ ऐकू येत नसेल तर आधी सेल पाहावेत. ओलसर मोरीत सेलच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. तो खरवडून काढला तरी पुष्कळदा काम भागते. रिचार्जेबल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टच देतात, म्हणून ते टाळावेत. सेल उतरत आले की एक फसवा प्रकार होतो: ठिणगी पडते, पण सोलेनॉइड उचलण्याइतका जोर उरत नाही, आणि दोष मात्र सिलिंडरवर येतो. सेल बदलण्याआधी मेकॅनिकला फोन लावणारी घरे कमी नाहीत.

सेल नवे असूनही आवाज नसेल तर गोष्ट पाण्यापाशी येते. डायफ्रॅम फुगायला साधारण दोन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागतो. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीवरची टाकी शॉवरपासून जेमतेम पाच-सहा फूट उंच असते. म्हणून तिथे खालच्या नळाला गिझर पेटतो आणि शॉवरला पेटत नाही. दोन मजले खाली तोच गिझर बिनतक्रार चालतो. घरच्या घरी पारख सोपी आहे. गिझरचा नळ पूर्ण सोडून १५ लिटरची बादली लावावी. ती भरायला सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर धार मिनिटाला अडीच लिटरांहून कमी आहे, आणि इतक्या धारेवर बरेच गिझर पेटत नाहीत. आधी चांगली असलेली धार हल्ली बारीक झाली असेल, तर पाणी आत येते त्या तोंडाची जाळी काढून धुवावी. टाकी साफ केल्यानंतर किंवा टँकरचे पाणी आल्यावर तिच्यात रेती अडकते. जाळी स्वच्छ आणि धार जोरदार असूनही गिझर मुका राहिला, तर डायफ्रॅम कडक झाला किंवा फाटला असावा. तो स्वस्त सुटा भाग आहे, पण तो बसवणे मेकॅनिकचे काम.

ठिणगी पडते पण पेट घेत नाही, ही तक्रार सिलिंडर बदलल्यावर हमखास येते. नळीत शिरलेली हवा निघून जाईपर्यंत दोन-तीनदा नळ बंद-चालू करावा लागतो. सुटी संपवून घरी परतल्यावर असे झाले तर बर्नरच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे असू शकते. पाइपच्या गॅसची जोडणी घेतलेल्या घरांत वेगळाच घोळ होतो. सिलिंडरच्या गॅसचा दाब घरात ३० मिलिबार, तर पाइपच्या गॅसचा २१ मिलिबार असतो, आणि दोहोंच्या नोझलची छिद्रेही वेगळी. सिलिंडरचा गिझर तसाच पाइपला जोडला की ज्योत मरगळते आणि पाणी कोमट येते. उलट केले तर ज्योत पिवळी व बेफाम होते. नोझल अधिकृत माणसाकडूनच बदलून घ्यावेत.

पाणी नीट तापत नाही, ही थंडीतली तक्रार पुष्कळदा बिघाड नसतेच. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. पहाटे टाकीतले पाणीच गार असले की तेवढी वाढ पुरत नाही. नळ थोडा आवळून धार कमी करणे हाच उपाय. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांच्या घरी मात्र तांब्याच्या नळीत क्षार साचतात. मग धार आणि उष्णता दोन्ही घटतात, नळी जास्त तापते आणि गिझर मध्येच बंद पडतो. सायट्रिक ॲसिडचे द्रावण फिरवून क्षार काढता येतात. बरोबर २० मिनिटांनी बंद होणारा गिझर मात्र बिघडलेला नसतो. अनेक मॉडेलांत तसा टायमरच असतो.

पुढच्या लक्षणांवर घरी प्रयोग करू नयेत. नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहिली तर पिन अडकली आहे. आतले पाणी उकळू लागते, म्हणून लगेच गॅसचा कॉक बंद करावा. पेटताना ‘भप्’ असा स्फोटासारखा आवाज होणे म्हणजे गॅस आधी साचून मग पेटतो आहे. निळ्याऐवजी पिवळी ज्योत आणि वरच्या पत्र्यावर काजळी दिसली तर जळण अर्धवट होत असून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे.

हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो व ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे रक्तातल्या (ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या) हिमोग्लोबिनला चिकटतो. गिझर न्हाणीघरात असेल तर हिशेब असा होतो. मिनिटाला सहा लिटरच्या धारेला तासाला जवळपास एक किलो गॅस लागतो आणि एक किलो गॅस जाळायला सुमारे १३ घनमीटर हवा. म्हणजे दहा मिनिटांत दोन घनमीटरांहून अधिक. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवाच साडेपाच घनमीटरांच्या आत असते. थंडीत खिडकीही लावलेली असते. गिझरमध्ये कसलाही दोष नसताना ऑक्सिजन घटतो, ज्योत बिघडते आणि आंघोळ करणारा भोवळ येऊन किंवा झटका येऊन पडतो. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ म्हटले आहे, कारण असे रुग्ण अपस्माराचे समजले जात. काही गिझरमध्ये ऑक्सिजन घटल्यावर गॅस तोडणारा सेन्सर असतो, पण त्याच्या भरवशावर जागा निवडू नये. गिझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसवून फक्त गरम पाण्याची पाइप आत आणावी. आंघोळीत डोके जड झाले किंवा मळमळले तर दार उघडून बाहेर यावे. आतल्याला बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत ठेवून तातडीने दवाखान्यात न्यावे आणि गिझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गळती शोधायला काडी पेटवू नये. सांध्यांवर साबणाचा फेस लावावा, बुडबुडे आले की कॉक बंद. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून दारेही उघडावीत, केवळ वरचा झरोका नव्हे. विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे.