पीकस्थिती निरीक्षण आणि आणेवारी (बेळगाव सीमाभाग)

हंगाम चालू असताना कुठं काय पेरलंय, ते कसं उभं आहे, पावसानं ताण दिला की बुडवलं, आणि शेवटी पदरात किती पडणार याचा सरकारी पातळीवर सतत घेतला जाणारा अंदाज म्हणजे पीकस्थिती निरीक्षण. देशपातळीवर हे काम केंद्रीय कृषी मंत्रालय, हवामान विभाग आणि २०१२ साली दिल्लीत सुरू झालेलं महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र मिळून करतात. कर्नाटकात त्याला राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची जोड आहे, हे मुळात १९८८ ला दुष्काळ निरीक्षण कक्ष म्हणून निघालं आणि आता ग्रामपंचायतीपर्यंत त्यांचे स्वयंचलित पर्जन्यमापक बसलेत. एवढं सगळं असूनही खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या माणसाला "यंदा पीक किती" म्हणून विचारलं की उत्तर येतं ते आण्यात, "आठ आणे बी नाही बघा". पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदाचं त्यातलं किती आणे आलं ते ठरवायची ही पद्धत म्हणजे आणेवारी.

उगम : आणेवारी नक्की कधीची यावर एकमत नाही. काही अभ्यासक ती मराठेशाहीतल्या पाहणीपर्यंत मागं नेतात, म्हणजे पाहणीदारानं शेतावर जाऊन उभं पीक बघायचं आणि सूट-तहकुबी ठरवायची ती पद्धत. दुसरं मत असं की आज आपण जिला आणेवारी म्हणतो ती नियमात बसवलेली पद्धत मुंबई इलाख्याच्या दुष्काळ आणि महसूल-तहकुबीच्या नियमांतून, साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आकाराला आली. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण नुसती नजरपाहणी सगळ्याच राजवटींत होती. अमुक आण्याखाली अमुक सवलत हा जो पक्का जोड आहे तो मात्र इंग्रजी अमलातला दिसतो.

इथं एक गल्लत नेहमी होते ती सांगायला पाहिजे. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर इंदापूरपासून जी जमीनमोजणी चालू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात जी पक्की झाली, तिच्यातसुद्धा आणे आहेत. पण ते जमिनीच्या प्रतीचे. उत्तम काळी १६ आणे, मग १४, १२ असं उतरत शेवटची हलकी जमीन २ आण्यांवर. ही प्रतवारी कायमची, एकदा लागली की पुढच्या मोजणीपर्यंत तीच. आणेवारीतले आणे त्या वर्षाच्या पिकाचे असतात. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यानं दोन्ही प्रकारचे आणे इथल्या दप्तरात सापडतात आणि जुने कागद चाळणारा हमखास फसतो.

पूर्ण पीक म्हणजे किती? : सगळं घोडं इथंच अडतं. कुठं १६ आणे म्हणजे सर्वसाधारण वर्षाचं पीक धरायचे, कुठं १६ म्हणजे भरघोस आणि सर्वसाधारण म्हणजे १२. ऐकायला किरकोळ वाटतं पण हिशेब करून बघा. समजा एका रानात सर्वसाधारण वर्षी १२ मण येतं आणि यंदा ५ मणच आलं. सोळाचा पाया धरला तर पीक होतं पावणेसात आण्याच्या आसपास, बाराचा धरला तर पाच आणे. मुंबई इलाख्याचा नियम होता की चार आण्यापर्यंत पीक असेल तर पूर्ण शेतसारा तहकूब, चार ते सहा असेल तर अर्धा. म्हणजे त्याच पाच मणाला एका हिशेबात काहीच मिळत नाही आणि दुसऱ्यात अर्धा सारा थांबतो! १९१८ चा खेडा सत्याग्रह याच आकड्यावर पेटला, सरकार म्हणत होतं चार आण्याच्या वर आहे, शेतकरी आणि गांधी म्हणत होते खाली आहे. खेडा गुजरातेत असलं तरी इलाखा एकच, त्यामुळं बेळगावलाही नियम तेच होते.

आत्ताच्या पद्धतीतही हा पाया-प्रश्न गेलेला नाही, फक्त कपडे बदललेत. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गेल्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन त्यांची सरासरी काढतात, तिला ७०, ८० किंवा ९० टक्क्यांनी गुणून उंबरठा उत्पन्न ठरतं, पीक त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. लागोपाठ वाईट वर्षं गेलेल्या भागात ती "चांगली पाच" सुद्धा हलकीच निघतात, उंबरठा खाली येतो आणि भरपाईही कमी.

पीक कापणी प्रयोग : नजरेचा अंदाज सोडून कापून-मोजून बघायचं हे भारतात १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखा, कुणाच्या मर्जीनं न निवडलेला) नमुना घेऊन करून दाखवलं. पुढं १९४० च्या दशकात वाद झाला तो तुकड्याच्या आकारावरून. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस बंगालातल्या अनुभवावरून छोटे तुकडे पुरतात म्हणायचे, कारण मग खर्च तेवढाच राहून जास्त ठिकाणी कापता येतं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांच्यासोबत पानसे, हेही संख्याशास्त्रज्ञच, यांचं म्हणणं, तुकडा जेवढा लहान तेवढी कडेवरची ताटं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं. छोट्या तुकड्याला आतल्या जागेच्या मानानं कडच जास्त, त्यामुळं सुखात्म्यांचा मुद्दा वजनदार आहे, आणि शेतावर शेवटी मोठाच तुकडा टिकला. गंमत म्हणजे दिल्लीतल्या केंद्राला नाव मात्र महालनोबिसांचं.

प्रत्यक्षात कसं चालतं ते असं. गट नंबर आधीच यादृच्छिक पद्धतीनं निवडून आलेला असतो, आता तो मोबाइलवरच येतो. रानाच्या नैऋत्य कोपऱ्यातून सुरुवात करायची, दिलेल्या आकड्याइतकी पावलं लांबीत, तेवढीच ठरलेली रुंदीत, जिथं पोचाल तिथं खुंटी. तिथून बहुतेक पिकांना ५ मीटर बाय ५ मीटरचा चौकोन दोरीनं आखतात, कर्णही मोजून बघतात नाहीतर चौकोन तिरका बसतो. मग विळ्यानं कापणी, ताडपत्रीवर मळणी, वारं देऊन वजन. भातासारख्या ओल्या पिकाचं वाळल्यावरचं वजन वेगळं घ्यावं लागतं. चौकोन नेमका गवताळ जागी आला तरी हलवायचा नाही, चांगल्या जागी आला तरी नाही, आणि भांडण नेमकं ह्याच्यावरूनच होतं. विम्यासाठी एका ग्रामपंचायतीत एका पिकाचे असे चार प्रयोग लागतात.

दुष्काळ ठरवणं : डिसेंबर २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ नियमावलीनं आणेवारीला बाजूला सारलं. पहिली पायरी पावसाची तूट नाहीतर खंड, म्हणजे लागोपाठ तीन-चार आठवडे सरासरीच्या निम्म्यापेक्षा कमी पाऊस. मग पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकाची हिरवाई, जमिनीतली ओल, धरणं-भूजल हे बघायचं आणि शेवटी निवडक गावांत जाऊन खात्री. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलं तर मध्यम, ५० च्या वर तर तीव्र. पलीकडं महाराष्ट्रात ५० पैशांच्या आतली पैसेवारी (आणेवारीच, फक्त आण्यांऐवजी पैशात) ही भाषा अजून लोकांच्या तोंडात आहे, त्यामुळं निपाणी आणि कागल, किंवा अथणी आणि जत, रानं एकमेकाला लागून असूनही बोलायचं माप वेगळं.

२०२३ चा हंगाम यासाठी बघण्यासारखा. कर्नाटकानं १३ सप्टेंबरला १९५ तालुके दुष्काळी जाहीर केले, पुढं संख्या २२३ वर गेली. राज्याचं म्हणणं होतं की हा हिरवा दुष्काळ आहे, लांबून रान हिरवं दिसतं पण कणसात दाणा नाही. उपग्रह हिरवाई मोजतो, दाणा नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडं तर याच्यात उसाची भर पडते. पाण्यावरचा ऊस हिरवागार असतो, त्याच तालुक्यातली कोरडवाहू तूर-ज्वारी करपून गेली तरी सरासरी ठीकठाक येऊ शकते. पिकवार क्षेत्र वेगळं करून बघितल्याशिवाय यातून सुटका नाही. केंद्राकडं मागणी होती १८,१७१ कोटींची, राज्य सुप्रीम कोर्टात गेल्यावर एप्रिल २०२४ मध्ये साधारण ३,४५४ कोटी सुटले.

बेळगावची अडचण : एका जिल्ह्यात तीन कृषी-हवामान विभाग आहेत, पश्चिमेला डोंगरी, मधे संक्रमण पट्टा, पूर्वेला कोरडा. मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीकडं पाऊस हजारो मिलिमीटर आणि अथणीकडं पाचशे-सहाशे. खानापूर तालुक्यातच कणकुंबी आणि बिडी यांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तो दोन्हीकडं खोटा. म्हणून इथं होबळीच्या (तालुक्याखालचा महसुली विभाग) खाली उतरूनच बघावं लागतं.

शेतकऱ्याचा स्वतःचा हिशेब नक्षत्रावर चालतो, तेरा-चौदा दिवसांचं एक. मघा कोरड्या गेल्या म्हणजे काय हे त्याला कुणी सांगावं लागत नाही, "न पडतील मघा तर वरती बघा". हवामान खात्याचा हिशेब सात दिवसांच्या आठवड्यांचा, त्यामुळं तीन आठवड्यांचा खंड म्हणजे दीड नक्षत्र कोरडं. दोन्ही हिशेब जुळतात, फक्त मोजायला सुरुवात वेगळ्या दिवशी होते.

अतिवृष्टी आणि पूर : ही यंत्रणा मुळात तुटीसाठी बांधलेली आहे, जास्त पाण्यासाठी कमी. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठाला पीक बुडतं ते गावात पडलेल्या पावसानं नाही तर वरच्या पाण्यानं, म्हणून कागवाड-चिकोडीकडं कोयनेचा विसर्ग आणि शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरचे क्युसेक बघतात. २००५ आणि २०१९ ला हेच झालं. पुराच्या दिवसांत ढग असल्यानं साधा उपग्रह आंधळा असतो, रडारचा उपग्रह मात्र ढगाखालचं पाणी काळं दाखवतो.

नोंद : कोणत्या गटात काय पीक हे भरण्यासाठी कर्नाटकात बेळे समीक्षे (म्हणजे पीक पाहणी) अ‍ॅप आहे. शेतकऱ्यानं स्वतः भरायचं, नाहीतर गावातला नेमलेला पोरगा, ज्याला सगळे पीआर म्हणतात, तो रानात जाऊन फोटो काढतो. महाराष्ट्रातली ई-पीक पाहणी २०२१ ची. अ‍ॅप कन्नडातून असल्यानं मराठी गावांत ते बहुतेक शिकलेल्या पोरांच्याच हातात असतं. इथं पीक चुकीचं पडलं की पुढं विमा, भरपाई, खरेदी सगळीकडं तेच चुकीचं पुढं जातं, म्हणून उताऱ्यावरची पीक नोंद एकदा तरी वाचून घेतलेली बरी.

दुबार पिकं : भातानंतरच्या मसुरीची नोंद त्यामानानं त्रोटक असते. बेळगावच्या भोवतीच्या भातरानात ती उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दहिवरावर येते, त्यामुळं पावसाच्या तुटीचे आकडे तिच्याबद्दल फारसं सांगत नाहीत.